झाडलेला किनारा

खराट्याची एक काडी वाळूत उभी रुतलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक, सरळ रेघा – पार खडकांपर्यंत. आधी तिला वाटलं लाटांच्या असतील. पण लाटांना एवढी शिस्त कुठली... म्हणजे किनारा झाडलाय. अख्खा किनारा!

"काय, कसा दिसतोय?" मावशी कमरेवर हात ठेवून मागे उभी. "तू किनारा तपासायला येणार कळलं नि सगळ्या बायकांना कामाला जुंपलं. ते घाणेरडं गवत कुजत पडलं होतं ना, हातगाड्या भरभरून नेलं नि पुरलं. आता दाखव कुठे कचरा दिसतोय ते."

कचरा नव्हताच. पाणी नितळ, सांडपाणी नाही, प्लास्टिकचा कपटा नाही. आणि समुद्रगवतही नाही. लाटांनी आणून टाकलेलं ते गवतच वाळूला धरून ठेवतं, ते उचललं की दोन-चार मोठ्या भरत्यांत वाळू निघून जाते, एवढ्याशा बेटावर तर जातेच – हे ती किनाऱ्या-किनाऱ्यावर सांगत फिरते, फक्त इथे सांगायचं राहिलं. घरचं माणूस, माहीत असेल, असं धरून चालली. शेरा उघड होता : नापास. आणि नापास म्हणजे पर्यटकांची बोट शेजारच्या बेटावर थांबणार. मावशीने बांधलेल्या दोन खोल्या, नवे पडदे, नव्या चादरी, सगळं तसंच पडून.

आई गेल्यावर याच बाईने तिला वाढवलं. शाळेत जाण्याआधी डोळ्यांत पाणी येईस्तोवर केस ओढून भांग पाडायची, या रेघांसारखाच सरळ. आणि एकदा दप्तर धुताना तळाशी जमवलेले शिंपले – वास मारतात म्हणून – फेकून दिले, वर दप्तराला नवा पट्टा शिवला. पट्टा बघून ती हसली होती. केवढी शहाणी पोर, मावशी सगळ्यांना सांगत सुटली... शहाणी कसली, घाबरट! रडले तर ही मला परत पाठवेल, असं वाटायचं मला. कुणाकडे पाठवणार होती? आई तर नव्हतीच. पण वाटायचं. आणि आज, चाळिशीला टेकले, माझ्या एका शेऱ्यावर बोटी वळतात, तरी भीती तीच.

"बोल की गं. तोंड शिवलंय का?"

"छान झाडलंय, मावशी."

निघून गेलं तोंडातून. खोटं नव्हतं. पण मावशीचा जीव भांड्यात पडलेला दिसला, आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला.

तेवढ्यात लाटेने गवताचा एक ओला झुबका तिच्या पायाशी आणून टाकला.

"मेलं पुन्हा आलं!" मावशीने खराटा उचलला, आणि घरी केर काढताना म्हणायची तसंच म्हणाली, "उचल पाय."

पाय सवयीने निम्मा उठलासुद्धा... मग मी तो परत खाली ठेवला, गवतावरच. गार लागलं. आता कुठे पाठवणार आहे ही मला!

"उचल की," मावशी म्हणाली. खराटा माझ्या अंगठ्याला टेकून थांबला होता.