बाबांचा कवटीतला आवाज

सोमवारी बाबांचं ऑपरेशन. घशातली गाठ वाईट निघाली होती, स्वरयंत्रच काढायचं होतं. म्हणजे सोमवारनंतर बाबांचा आवाज संपला, कायमचा! आणि हातात दिवस किती, तर तीन. त्यांची लेक कानाची मशीनं बसवायच्या दुकानात कामाला, म्हणून गल्लीत सगळे तिला कानवालीच म्हणायचे. तिनं काय केलं, बाबांना थेट दुकानातल्या तपासणीच्या बंद खोलीत नेऊन बसवलं. भिंतींना जाड स्पंज. ना गाडी, ना पंखा. इतकं शांत, की आपलंच रक्त कानात वाहताना ऐकू यावं.

"तीनशे वाक्यं वाचा, बाबा. मग तुम्ही मोबाइलवर टाइप केलं की तो तुमच्याच आवाजात बोलेल."

बाबा शिंपी. आयुष्यभर तोंडात टाचण्या धरून बोललेला माणूस, पण वाचायला बसले एकदम ऐटीत. दहा वाक्यं झाली, कानवालीनं ती ऐकवली, आणि त्यांचं तोंडच उतरलं.

"हे कोण बदक?"

"तुम्हीच."

"हट्! माझा आवाज भारदस्त आहे." हेडफोन काढून उठलेसुद्धा. "या बदकापेक्षा मी मुका बरा!"

ती दाराला पाठ लावून उभी राहिली. "बाबा, थांबा ना! आम्हाला तुमचा आवाज नुसता हवेतून येतो. तुम्हाला हाडांतूनही येतो. घसा थरथरला की कवटी थरथरते, म्हणून तुम्हाला तो जाड लागतो."

बाबा खाली बसले. गालफडावर हात ठेवून कितीतरी वेळ "अंऽ... अंऽ..." करत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे माझा आवाज बासष्ट वर्षं फक्त मीच ऐकलाय?"

"हो."

"तुझ्या आईनंही नाही?"

शंभर गिऱ्हाइकांना तिनं हे समजावलं होतं, पण हे कुणीच विचारलं नव्हतं. तिनं आवाज बदलायची बटणं त्यांच्यापुढे सरकवली. "फिरवा. तुमच्यासारखा होईपर्यंत."

शिंपीच तो! "खाली सैल सोडतो... वरचं टोक कापतो... छातीत घट्ट होतोय, जरा उसवू." आणि एकदम थांबले. "हा. हाच मी."

कानवालीनं हेडफोन लावला आणि डोळे मिटले. काय सांगू! पाण्याच्या मोठ्या टाकीत तरंगावं आणि कपाळामागून कुणीतरी बोलावं, तसं. जणू ती बाबांच्या डोक्यातच बसली होती, उबदार काळोखात, आणि चहूबाजूंनी आवाज झिरपत होता. वाक्य काय, तर "दूध उतू जाईल, गॅस बंद कर."

आई बाहेर बाकावर होती. तिलाही बोलावून ऐकवलं.

"कोण हो हे गृहस्थ?"

"अगं, मी!"

"छे! याला मी दार नाही उघडणार. मला आपले माझे चिरके हवेत."

बाबा इतके हसले, की ठसका लागला. मग हेडफोन नीट बसवून म्हणाले, "अकरावं वाक्य कुठलं?"

रविवारी संध्याकाळी तीनशे पुरी झाली. उठताना त्यांनी विचारलं, "घसा गेला, तरी मनात बोलताना हा माझा आतला आवाज ऐकू येईल का गं?"

खोटं बोलवेना तिला. "माहीत नाही, बाबा. तुम्हीच बघून सांगा."

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी बाबांनी मोबाइल मागितला. गळ्याला पट्टी, एकेक अक्षर शोधत चाललेलं बोट. कानवाली उशाशी उभी. आणि बदक बोललं, "आतला आहे. आज सकाळी गायलासुद्धा. तुझ्या आईला सांगू नकोस, हसेल."