शवपेटीतले ढेकूण

चार व्हॅम्पायर एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि भांडी कोणी घासायची यावरून भांडतात, अशी एक विनोदी मालिका आहे. मला ती आवडायची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी तिला शिव्या घालीन तेव्हा कोणी म्हणायला नको की याला विनोदच कळत नाही.

चौघांपैकी एक तोतरा आहे. आतून कोणी ‘ये’ म्हटल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरा ओलांडता येत नाही, असा नियम. म्हणून हा रोज पहाटे दारात उभा राहतो आणि विचारतो, “आ… आ… आत ये… ये…” आणि तेवढ्यात सूर्य उगवतो. भस्सकन राख. दारात नुसत्या चपला उरतात. आतून थोरला व्हॅम्पायर विचारतो, “आज केर काढायची पाळी कोणाची?” प्रेक्षक हसतात. पुढच्या भागात तोतरा परत हजर. आधीच मेलेला माणूस, मरून मरून किती मरणार.

तो भाग लागला तेव्हा आम्ही तिघं सोफ्यावर होतो. मावशी, काका आणि मी. मी त्यांच्याकडे राहून नोकरी शोधत होतो. त्यातलं राहणं व्यवस्थित चाललं होतं. तर राख झाली, केराची पाळी निघाली, प्रेक्षक हसले, आणि त्या सगळ्या हसण्याच्या वर टीव्हीतूनच आणखी एक हसू निघालं. आधी बारीक फुसफुस. मग दम कोंडल्यासारखी शांतता. मग शिट्टी.

असं हसणारी जगात एकच बाई आहे आणि ती माझ्या शेजारी मांडीवर इस्त्रीचे कपडे घेऊन बसली होती.

काकांनी टीव्हीकडे पाहिलं. मग मावशीकडे. मग ते उठले आणि आतल्या खोलीत फवाऱ्याची नळी साफ करत बसले. नळी साफच होती.

काकांचं असं आहे, की ते ढेकूण मारतात. झुरळं, वाळवी यांनाही नाही म्हणत नाहीत, पण खरा जीव ढेकणांत. पेस्ट कंट्रोलचा त्यांचा एकट्याचा धंदा. आणि काका बोलताना अडखळतात. मालिकेतल्यासारखं गाणं म्हटल्यागत नाही. शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथेच उभा राहतो, बेल वाजवूनही कोणी दार उघडत नसावं तसा. ‘प’ सगळ्यांत हट्टी. आणि धंदा निवडला तो पेस्ट कंट्रोलचा. पूर्वी लोक दार उघडायचे, काका ओठ मिटून उभे असायचे, लोकांना वाटायचं काहीतरी विकायला आलाय, की दार धाडकन बंद. शेवटी त्यांनी जाकिटाच्या पाठीवर धंद्याचं नाव ठळक छापून घेतलं. तेव्हापासून काका बेल वाजवतात आणि गर्रकन वळून उभे राहतात. दार उघडणाऱ्याला आधी पाठ दिसते. ती वाचून माणूस म्हणतो, “या.” मग काका वळतात.

मावशीला मुळात धीर नाही. लिफ्ट यायला उशीर झाला तर ती लिफ्टच्या खानदानाचा उद्धार करत जिना चढते. पण काकांचा शब्द अडकला की ही बाई थांबते. हातातलं काम थांबवून, त्यांच्याकडे बघत, जणू कुठे जायचंच नाही अशी. तिने त्यांचा एकही शब्द कधी पुरा केलेला मी पाहिला नाही. मी एकदा केला होता. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तो परत घेतला.

आणि आता ही बाई टीव्हीतून तोतऱ्याला हसत होती.

ती हसली होती, हे खरं. पण कशाला? त्या मालिकेच्या स्टुडिओत शवपेट्या आहेत, आतून लाल मखमल लावलेल्या. मागे एकदा त्या मखमलीत ढेकूण झाले. काकांनी जाऊन औषध मारलं आणि बजावून आले, आठवडाभर पेट्या उघडू नका, नाहीतर राहिलेले परत सुटतील. स्टुडिओवाले खूश झाले आणि त्यांनी शूटिंग बघायचे पास दिले. काकांना गर्दीत जायचं नव्हतं, म्हणून मावशी मला घेऊन गेली. पेट्या अर्थातच उघडलेल्या होत्या. थोरला व्हॅम्पायर पेटीत उठून बसला, मृत्यूविषयी काहीतरी गंभीर बोलायला लागला, आणि बोलता बोलता पाठ खाजवायला लागला. मग मांडी. मग दोन्ही. बाकी कोणाला काही कळेना. अख्ख्या स्टुडिओत मावशीलाच कळलं. “ह्यांनी सांगितलं होतं!” असं मला म्हणाली आणि एकटीच हसत सुटली. वर माइक टांगलेला होता.

हे सगळं तिनं काकांना सांगितलं.

“अहो, मी त्या विनोदाला हसले नाही हो! तो विनोद त्या दिवशी झालाच नव्हता!”

काका गप्प.

“तुमचं खरं ठरलं म्हणून हसले! नवऱ्याचं खरं ठरलं म्हणून हसणारी बायको दाखवा मला दुसरी!”

काका नळी पुसत राहिले. न बोलण्यात त्यांचं काही जात नव्हतं. उलट हक्काची सुट्टी. जात होतं ते मावशीचं.

“तू सांग रे तुझ्या काकांना. होतास ना तिथे?”

“काका, मी होतो तिथे.”

“तू ति… तिचाच भाचा,” काका म्हणाले, आणि माझ्याशीही बोलणं बंद झालं.

इकडे मालिका डोक्यावर घेतली होती लोकांनी. आमच्या जिन्यात पोरं ‘आ… आ… आत ये’ खेळायची आणि एकजण राख होऊन पायऱ्यांवर लोळायचा. तो भाग पोरांनी छान बसवला होता. मग एक दिवस मी काकांची टाकी उचलून एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काकांनी बेल वाजवली आणि वळून उभे राहिले. बाईंनी दार उघडलं, पाठ वाचली. तरी “कोण आपण?” असं विचारलं. काका पाठमोरेच बोलायला गेले आणि ‘प’ उभा राहिला. बाईंचा चेहरा खुलला.

“आ… आ… आत या!” बाई म्हणाल्या.

आतून नवरा ओरडला, “केर काढायची पाळी कोणाची गं?”

दोघंही मनापासून हसले. नवऱ्याने तर शेवटी फुसफुस करून शिट्टीही मारली. मावशीचं हसू आता लोकांना पाठ झालं होतं.

“रागावू नका हं,” बाई म्हणाल्या, “आम्ही फॅन आहोत.”

काकांची पाठ आधीच त्यांच्याकडे होती. त्यांना वळावंही लागलं नाही. तसेच जिना उतरले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाईंना म्हणालो, “तुमचे ढेकूण सुखात राहोत.” शिवी म्हणून हे फार जोरदार नाही, हे मला खालच्या मजल्यावर पोचल्यावर कळलं.

मी घरी येऊन मावशीला सांगितलं. तिने चपला घातल्या.

स्टुडिओत आवाजाचं काम बघणारा एक मुलगा होता, कानांवर हेडफोन, गळ्यात दुसरे हेडफोन. मावशी म्हणाली, “माझं हसू परत द्या.” तो म्हणाला, “कोणतं?” मावशीने तोंड उघडायच्या आत तिच्या रागाचीच फुसफुस निघाली आणि तो ताडकन उभा राहिला.

“कुकर! अहो, तुम्ही कुकर आहात? काकू, पाया पडू द्या!”

आणि खरंच पडला. त्यांनी त्या हसण्याचं नाव कुकर ठेवलं होतं. त्यानं कौतुकानं वाजवून दाखवलं. कुकर तोतऱ्यावर होता, कुकर दुसऱ्या एका मालिकेत सासऱ्याच्या पडण्यावर होता, कुकर गादीच्या जाहिरातीत होता.

“हे काढून टाका,” मावशी म्हणाली.

“काढून कसं चालेल? लोक तुमच्यामुळे हसतात, काकू. शूटिंगला प्रेक्षक लाजतात. मग आम्ही स्पीकरवर आधी कुकर सोडतो. एक शिट्टी झाली की बाकीचे सुटतात.”

“मी त्याला हसले नव्हते! त्या दिवसाचं सगळं लावून दाखवा ह्यांना. तो खाजवतोय ते दाखवा.”

“ते पुसलं,” तो म्हणाला. “हसू तेवढं ठेवलं.”

“कोणाला विचारून?”

“विचारायचं काय त्यात? पासवर आत आलात म्हणजे होकारच.”

“उंबऱ्याच्या आत पाय ठेवला म्हणजे रक्त दिलं का रे मी?”

तो हसला. लिहून घेऊ का म्हणाला; लेखकांना देतो.

मावशी घरभर भांडी आपटत राहिली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि ऐकणारा माणूस आतल्या खोलीत साफ नळी साफ करत होता. एकदा रात्रीच्या जेवणाला ती नुसती त्यांच्याकडे बघत बसली, शब्द अडकल्यावर बघते तशी. पण इथे शब्दच नव्हता. मग ती उठली आणि तिनं स्वतःचं ताट मोरीत ठेवलं. भरलेलंच.

आणि स्टुडिओचा फोन आला. पेट्यांत ढेकूण परत झालेत, या. काकांनी मान हलवून नाही म्हटलं. फोनवर मान दिसत नाही. मावशीने फोन ओढून घेतला. “येतात,” ती म्हणाली. “मीही येते.” मग मला म्हणाली, “पाण्याची बाटली घे.”

आम्ही पोचलो तेव्हा शूटिंग चालूच होतं. प्रेक्षक भरलेले, सेटवर शवपेट्या मांडलेल्या. आम्हाला कडेला, सेटच्या खोट्या दाराशी थांबायला सांगितलं. काका टाकी पाठीला लावून उभे. एक माणूस पुठ्ठ्यावर ‘हसा’ लिहिलेली पाटी घेऊन प्रेक्षकांसमोर फिरत होता. तोतऱ्याचं काम आता वाढवलं होतं. तो दारात आला, आमच्यापासून हातभर अंतरावर, आणि सुरू झाला. “आ… आ…”

मावशी काकांसमोर येऊन उभी राहिली. तिने बाटली तोंडाला लावली, तोंडभर पाणी घेतलं आणि गिळलं नाही. गाल टम्म फुगवून ती काकांकडे बघत राहिली.

सूर्य उगवला. राख झाली. पाटी वर गेली. आणि छतातल्या स्पीकरमधून फुसफुस सुरू झाली, दम कोंडला, आणि शिट्टी.

मावशीचे गाल फुगलेलेच होते. थेंबही सांडला नव्हता.

काकांनी वर स्पीकरकडे पाहिलं. मग तिच्या गालांकडे. परत वर. त्यांचा चेहरा लाल होत गेला, आधी कान, मग मान, मग सगळाच, आणि काका खोटं दार ढकलून सेटवर शिरले. कोणी ‘या’ म्हटलं नव्हतं.

प्रेक्षकांना वाटलं नवीन पात्र आलं. टाळ्या पडल्या. काका मध्ये उभे राहिले, बोट रोखलं आणि तोंड उघडलं.

“ढे…”

शब्द उभा राहिला. प्रेक्षकांत खसखस पिकली. पाटी अर्धी वर आली. थोरला व्हॅम्पायर, अनुभवी नट, पेटीतून प्रेमळपणे म्हणाला, “ढेकर? ढेकर आली का, काका?”

मावशीच्या तोंडातलं सगळं पाणी माझ्या शर्टावर आलं.

“गप्प बसा!” ती अशी ओरडली की पाटीवाल्याने पाटी छातीशी धरली. “त्यांचा शब्द त्यांना बोलू द्या! घाई असेल त्यानं घरी जावं!”

मग सगळे थांबले. कॅमेरेवाले थांबले. व्हॅम्पायर पेट्यांत उठून बसले आणि थांबले. राख झालेला तोतरा आपल्या चपलांशेजारी बसून थांबला. काकांचे ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि मावशी त्यांच्याकडे बघत उभी होती, जणू कुठे जायचंच नाही अशी.

“ढे… ढेकणांनो!” काका म्हणाले.

काकांना विचाराल तर जगात याहून वाईट शिवी नाही. ज्यांना दिली त्यांना ती कळायला हवी होती. पण प्रेक्षकांनी पाहिला तो टाकी लावलेला माणूस, बोट खुर्च्यांच्या दिशेने, आणि ऐकला तो शब्द. पहिल्या रांगेतल्या एकाने मांडी खाजवली. त्याच्या बायकोनं मान. मग ते शेतातून वारा जावा तसं मागपर्यंत गेलं. माणसं उभी राहिली, खुर्च्या उलट्या करून बघू लागली, एकमेकांच्या कॉलरी तपासू लागली, आणि दाराकडे पळाली. व्हॅम्पायर त्यांच्या पुढे होते. पाटीवाला एका हाताने पाटी धरून दुसऱ्याने पाठ खाजवत होता. पाटी वरच होती.

मावशी हसली. आधी फुसफुस. मग दम कोंडला. मग अशी शिट्टी की स्पीकरमधला कुकर तिच्यापुढे पाणी भरेल. काका तिच्याकडे बघत राहिले आणि मग तेही हसायला लागले. हसताना ते अडखळत नाहीत.

हेडफोनवाला मुलगा धावत आला. “काकू, हे तर पहिल्यापेक्षा भारी! माइक चालूच होता. घेतलं हं आम्ही!”

काकांनी त्याच्याकडे पाठ केली. टाकीच्या वर दिसली तेवढी त्यानं ती वाचली. पेट्यांना औषध न मारताच आम्ही निघालो, आणि पायऱ्यांवर काका मावशीला म्हणाले, “टा… टाकी ध… धर जरा.”

“माझ्या बापाने कधी असलं ओझं उचलायला लावलं नव्हतं,” मावशी म्हणाली आणि टाकी हिसकावूनच घेतली.

मालिका बंद पडली नाही. शूटिंगचा तो गोंधळ त्यांनी कापून टाकला आणि हसू तेवढं ठेवलं. तोतरा आजही दारात राख होतो आणि छतातून मावशी त्याला हसते, नव्या, जास्त भारी शिट्टीने. आम्ही मालिका बघतो. मावशी आवाज मोठा करते, तोतरा दारात येतो, आणि काका सोफ्यावरून टीव्हीवर बोट रोखून म्हणतात, “ढे…”

मी आणि मावशी थांबतो. कधी कधी मध्ये जाहिराती लागतात. गादीवाल्याची लागते, तिच्यातही मावशी हसते. तरी आम्ही थांबतो.