रायगोंडा लंडनला निघाला

चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत रायगोंडा मगदूम एकटा सायकलवरून लंडनला निघाला. आष्ट्याजवळच्या एका वाडीत त्याचा चार एकर ऊस होता, बायको पद्मावती होती आणि दोन वर्षं खेटे घालून मिळवलेला पासपोर्ट होता. कराड, सातारा करत मुंबई गाठायची, बोटीनं इराकातल्या बसऱ्याला उतरायचं आणि तिथून पुढं पेडल मारत जायचं, असा बेत. कशासाठी, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "बघून यावं म्हटलं."

हे कारण हंबीररावांना पसंत नव्हतं. हंबीरराव गावच्या सोसायटीचे चेअरमन. निरोपाची सगळी जबाबदारी त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली होती.

"नुसतं बघायला चाललाय म्हटल्यावर कोण हार घालंल रं? विश्वशांतीसाठी चाललाय म्हणू."

"आवं, पण मला शांतीतलं काय कळत न्हाई."

"तुला कुठं भाषण करायचंय गड्या? ते मी बघतो."

मग सायकलच्या पुढं पत्र्याची पाटी लागली: 'विश्वशांती सायकल दौरा, भारत ते लंडन. प्रेरणा : मा. हंबीरराव.' पाटीवर हंबीरराव लंडनपेक्षा मोठ्या अक्षरांत होते.

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, म्हणजे संध्याकाळी सातारा. हंबीरराव नऊला आले. सायकलच्या हँडलवर नारळ वाढवायचा त्यांनी हट्ट धरला. दुसऱ्या घावाला घंटी पिचली, तिसऱ्याला नारळ फुटला. टाळ्या झाल्या. पद्मावतीनं दशम्यांचं गठुडं नवऱ्याच्या हातात दिलं.

"दिस मावळायच्या आत खावा. न्हाईतर ऱ्हाल उपाशी."

सूर्यास्तानंतर जेवायचं नाही हा घरचा नेम तो लंडनातही पाळणार होता. "तिकडं दिस कवा मावळतो त्येबी इचारून घ्या," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत घरात गेली.

साडेदहाला चाकं फिरली आणि पंधरा मिनिटांत थांबली. पहिला सत्कार. हंबीररावांची जीप पुढं जाऊन प्रत्येक गाव गोळा करायची. मांडव, चहा, हंबीररावांचं विश्वशांतीवर भाषण, मग टोपी, शाल, नारळ. रायगोंडाला बोलायला सांगितलंच तर वेळ संपलेली असायची. चहा मात्र चुकला नाही. दुपारपर्यंत आठ चहा झाले आणि घास एकही नाही.

इस्लामपूरच्या अलीकडं एका गावात पहिला हार कोणी घालायचा यावरून दोन पार्ट्यांत जुंपली. हंबीरराव वर माइकवरून जगातली युद्धं थांबवत होते आणि खाली एकानं दुसऱ्याची गचांडी धरली होती. मांडवाचा खांब कलला. रायगोंडा सायकल पोटाशी धरून कडेला उभा राहिला. शेवटी दोघांनी मिळून एकच हार घातला आणि ओढाताणीत तो त्याच्या गळ्यातच तुटला.

पेठ नाक्याला हमरस्ता लागला तेव्हा चार वाजून गेले होते. समोरून वारं, पुढं कारखान्याला निघालेल्या उसाच्या गाड्या, मागं कॅरियरवर अकरा नारळ. रायगोंडाच्या मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या. जीप शेजारी येऊन थांबली.

"कराडात पाचला मंत्री येणार हायत," हंबीरराव म्हणाले. "सायकल जीपला बांध. गावाच्या तोंडाला उतरवतो."

"न्हाई. पयल्याच दिशी जीपमधनं गेलो तर लंडनला सायकलनं गेलो, असं कुठल्या तोंडानं सांगू?"

"कुणाला कळणार हाय?"

"मला कळंल की."

हंबीररावांनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू त्यानं सभेत शिवी दिली. "मग सामान तरी दे. भार कमी हुईल."

सामान गेलं. नारळ, शाली, अंथरूण आणि, हे त्याला कासेगावाजवळ उमगलं, दशम्याही. तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. रायगोंडा रस्त्याकडेला उतरला, पोटभर पाणी प्याला आणि पुन्हा सायकलवर बसला. पण जीपचा धुरळा पुढं नव्हता, भाषण नव्हतं. सकाळपासून पहिल्यांदाच चाकांचा आवाज त्याच्या कानावर आला. पाय दुखत होते तरी त्याला बरं वाटलं.

दिवेलागणीला तो कराडात पोचला. कोंडीबा नावाचा मांडववाला कनाती गुंडाळत होता.

"सायकलवाल्याचा सत्कार हितंच हाय का?"

"झाला की! मंत्री पाचला आले, सव्वापाचला गेले. त्या हंबीररावांनी शाल घेतली, लय भारी बोलले. लंडनला चाललेत म्हणं, सायकलवर. ह्या वयात! स्टेजच्या चार पायऱ्या चढताना दम लागत हुता बिचाऱ्यास्नी."

रायगोंडानं सायकल स्टेजला टेकवली. "आनि दशम्या?"

"त्या सत्कार समितीनं खाल्ल्या. मलाबी एक दिली. चटणी झकास हुती."

रायगोंडा हसत सुटला. पोटात काही नसल्यानं हसणंही दुखत होतं. कोंडीबाला काही कळलं नाही, पण माणूस दमलेला दिसतोय म्हणून त्यानं स्टेजवर राहिलेलं अंथरूण आणून दिलं. ते रायगोंडाचंच होतं.

पहाटे त्यानं पान्यानं पाटी सोडवली. कोंडीबाला रांजणावर झाकण हवंच होतं. दिस उगवल्यावर रायगोंडानं टपरीवर चार पाव खाल्ले आणि साताऱ्याचा रस्ता धरला. उंब्रजच्या पुढं एका गाडीवानानं बैल आवरत विचारलं, "पावणं, कुठवर निघालासा?"

रायगोंडानं मागं-पुढं बघितलं. जीप कुठं दिसत नव्हती.

"मेढ्याला. भणीकडं."

"सायकलवर? लय लांब की वो!"

"जातो हळूहळू."

"जावा मग," गाडीवान म्हणाला आणि त्यानं वाट दिली. मेढ्याच्या फाट्याला न वळता, सत्काराशिवाय रायगोंडानं दुपारच्या आत सातारा मागं टाकला.