डाव्या हातातली टिपरी

कोजागिरीचा दिवस. साल एकसष्ट. अमरावतीत अंबापेठेतल्या मोरोपंत वकिलांच्या घरी चुलीवर दूध आटत होतं, अंगणात पोरींच्या गाण्या-टिपऱ्यांसाठी मातीची भुलाबाई मखरात बसली होती, आणि अकोल्याच्या मोटारीनं जावई आला होता. व्हायचाच होता अजून, पण घरानं त्याला अगोदरच जावई करून टाकलं होतं.

मोरोपंत सुधारलेले गृहस्थ. सतरा वर्षांच्या लेकीला, अनुपमाला, साखरपुड्यानंतर ते रविकांतशी बोलू देत. तो आला की बैठकीचं दार लोटलं जाई, आणि कोणाला आत जायचं झालं तर बाहेरून खोकायचं. एवढ्या खोकल्यात सुधारणा झाली, असं त्यांना वाटे. दाराआड काय बोलणं होतं, हे पोरीला कोणी विचारलं नाही.

आधी त्यानं तिच्या वेणीतला गजरा काढायला लावला. मग मैत्रीण शकुनकडे जाणं बंद. मग म्हणाला, कॉलेजाचा नाद सोड. अनुपमाची आई चारुशीला शेजारणीला कौतुकानं सांगे, "फार जीव आहे हो त्याचा हिच्यावर." जीव! जीव तर बोक्याचाही पिंजऱ्यातल्या पोपटावर असतो.

दिवेलागणीला गल्लीतल्या पोरी जमल्या, टिपऱ्या वाजू लागल्या. मोरोपंतांची थोरली बहीण गोदाबाई पाटावर बसून पाहत होती. घर तिच्याच शब्दावर चाले.

"काहून वो अनू, आज डाव्या हातानं खेळून राहिली?"

"असंच, आत्या."

"असंच? जेवायले बी डावाच हात काढशीन काय?"

अनुपमानं उजवा हात पदराखाली ओढला. गोदाबाईनं पदर बाजूला केला. मनगट सुजून टम्म. त्या हातात एकही बांगडी उरली नव्हती. काचेच्या ओरखड्यांवर हळद दाबलेली.

पोरगी बैठकीकडे पाहत कुजबुजली, "शकुनच्या भावाशी बोलले म्हणून. माझंच चुकलं, म्हणतो. मग रडतो, माफी मागतो. मग पुन्हा... म्हणतो, लग्न होऊ दे, तुझी बोलायची सवयच मोडतो."

गोदाबाई पाटावरून उठली.

पलीकडे शकुन खिरापतीचा डबा हलवत होती. "ओळखा पाहू!" "गोड का तिखट?" "दाताखाली वाजते का?" गोदाबाईनं डबा तिच्या हातून घेतला.

"मोरोबा, बाहेर ये. त्या जावयालेही आण."

दोघं आले. अनुपमाचा हात तिनं कंदिलासमोर धरला. रविकांत हसला.

"आत्याबाई, हे आमच्या दोघांतलं आहे. हक्कानं जरा रागावलो."

"कोनता हक्क? साखर वाटली म्हणून पोरीचं मनगट तुले आंदण देल्लं काय?"

मोरोपंत हळूच म्हणाले, "अक्का, पोरी ऐकताहेत. पत्रिका छापून आल्या. सोयरीक मोडलेली म्हणून लोक बोट दाखवतील."

"बोटच दाखवतीन ना? मनगट तं नाई मुरगळणार!" मग ती भाचीकडे वळली. "तुले कोणी इचारलं नाई. मी इचारून राहिली. हा मानूस पाह्यजे का तुले?"

आतून दूध करपल्याचा वास आला, पण चारुशीला जागची हलली नाही.

"विचार करून बोल हं, अनुपमा," रविकांत म्हणाला. आवाज अगदी मऊ. तो मऊ आवाज अनुपमाच्या ओळखीचा होता. त्याच्यामागून काय येतं, ते तिच्या मनगटाला ठाऊक होतं.

"नको," ती पुटपुटली. मग सगळ्या अंगणाला ऐकू गेलं, "मला नको!"

"बघतो, हिला कोण करून घेतं ते."

"पाह्य. पन आता फाटकाच्या बाहीरून पाह्य."

तो गेला. परतवाड्याचं एक चांगलं स्थळ तेवढ्यावरून फिरलं. मोरोपंतांच्या नमस्काराला काही लोकांनी मान वळवली. अनुपमा मात्र कॉलेजात जात राहिली, गजरा माळून. आणि दुसऱ्या वर्षीपासून त्या अंगणात डबा उघडण्याआधी गोदाबाई पोरींना एकेक करून विचारू लागली: कोणी धाक घालतं का? कोणी मैत्रिणी तोडायला लावतं का?

बायांनो, खिरापतीचा डबा आपण पोरींना दहादा हलवू देतो, वास घेऊ देतो. नवरा मात्र झाकण न काढता पदरात टाकतो. आणि अकोल्याच्या त्या घरात, मनगट आवळणं म्हणजे माया नव्हे, हे रविकांतलाही लहानपणी कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरी आहे ना मुलगा?

बैठकीचं दार लोटलेलं दिसलं, तर बाहेरून खोकू नका. उघडा.