जादा पिना

छापील कागदाकडे दादा असा बघायचा, जसं कुणी भातातल्या खड्याकडे बघावं. धाकट्या बहिणीने आणलेली मायक्रोकंट्रोलरची माहितीपुस्तिका त्याने चिमटीत धरली, घडी घातली आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सारली.

"बरं झालं आणलीस. फार दिवस डुगडुगत होतं."

बहीण तंत्रशाळेत शिकवायची. दादा तिला मास्तरीणबाई म्हणायचा, आणि त्यात कौतुक औषधालासुद्धा नसायचं. ज्यांना त्याच्यासारखं दुरुस्तीचं दुकान चालवता येत नाही ते शाळा चालवतात, हे त्याचं ठाम मत.

आईच्या ऑक्सिजन मशीनचं बोर्ड काल जळलं होतं. तेव्हापासून ती सिलिंडरवर होती, आणि सिलिंडर संध्याकाळपर्यंतच पुरणार होता. जळक्या बोर्डावरून सहीसलामत निघालेला अठ्ठावीस पिनांचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे मशीनचा मेंदू असलेली चिप, दादाने सकाळपासून खपून नव्या बोर्डावर बसवला होता. शेजारी दाब मोजणारा सेन्सर, कडेला भोंगा. आई एकटी झोपायची. नळी निसटली, दाब पडला, तर घरच्यांना उठवणार तो भोंगाच.

"दादा, या दोन पिना मोकळ्या का?"

"जादा आहेत."

"जादा?"

"शर्टाच्या आत एक बटण जास्तीचं शिवून देतात ना, तसं. एक लाल तार, एक काळी, विषय संपला! तीस वर्षं हेच करतोय. आता तू मला वीज शिकव."

"अरे, लाल दोन आहेत, काळ्या दोन आहेत. एक जोडी विचार करणाऱ्या भागाची, दुसरी मोजणाऱ्या भागाची. तू डोक्याला जेवू घातलंस आणि डोळे उपाशी ठेवलेस."

"वा! कंपनीला एका ताटात वाढता येत नव्हतं?"

"डोकं चालताना सारखी ओढाताण करतं. मोजणाऱ्याला शांतता लागते. म्हणून त्याचं ताट वेगळं."

"घे! आता चिपलाही सोवळं!" दादाने भोंग्याच्या चाचणीचं बटण दाबलं. भोंगा असा केकाटला की समोरचा शिंपी कात्री घेऊन दारात आला. "ऐकलंस? मेलेलाही उठेल."

"ते तू बटण दाबलंस म्हणून. नळी निसटल्यावर आईने आधी बटण दाबायचंय का?"

दादाने नाक मुरडलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली ही, आणि हिच्या तोंडाला लागायचं! त्याने बोर्ड मशीनला जोडलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

"दाब बघ. शंभर! कंपनीच्या बोर्डावर सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, पुन्हा सत्त्याण्णव, नुसता नाच. माझा आकडा दगडासारखा स्थिर. याला म्हणतात हात!"

बहिणीने हात लांब केला आणि सेन्सरची नळी उपसून काढली.

शंभर.

मशीन फुसफुसत होतं, हवा टेबलावर वाया जात होती, आणि पडदा म्हणत होता शंभर. भोंगा मुका.

दादाने पडद्याला टिचकी मारली. सेन्सर बदलला. नळी फुंकून पाहिली, शिंप्याला "तू उजेड अडवतोस" म्हणून झापलं. शंभर. ज्या स्थिरपणाचा त्याने तोरा मिरवला होता, तो आंधळ्याचा स्थिरपणा होता. आणि हे यंत्र आज तो आईच्या उशाशी ठेवणार होता.

तो खाली वाकला. टेबलाखालची पुस्तिका ओढून काढली, धूळ झटकली. टेबल पुन्हा डुगडुगू लागलं.

"कुठलं पान?"

बहिणीने पान काढून दिलं. हसली नाही, हे तिचे उपकार. दोन तारा लागल्या, प्रत्येक जोडीशेजारी विजेची ओढाताण शमवणारा एकेक चिमुकला कपॅसिटर लागला. आकडा सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव नाचू लागला. दादाने स्वतः नळी उपसली. आकडा घसरला आणि भोंग्याने बोंब ठोकली.

सिलिंडरचा काटा तळाला टेकायच्या आत मशीन आईच्या खोलीत लागलं. तिच्यासमोर पुन्हा एकदा नळी काढून दाखवली.

"दादाने केलं ना? मग वाजणारच," आई म्हणाली.

दादाच्या जिभेवर 'हो' आलं होतं. ते त्याने गिळलं. "मी केलं ते आंधळं होतं. डोळे हिने उघडले."

आईने दोघांकडे पाळीपाळीने पाहिलं, नळी नाकाशी नीट बसवली.

"आणि तीस वर्षांचा उस्ताद न् शाळेची मास्तरीण, दोघांना मिळून चार तारा जोडायला अख्खा दिवस लागला होय?"