बत्तिसाव्या भोकापासून पुढे

फळी पाण्यातून बाहेर काढली की दहा मिनिटं. अकरावं मिनिट नाही. आमच्या प्रशिक्षण वर्गाचा हा पहिला नियम, आणि पहिल्या दिवशी मुलांना तो मीच शिकवते.

मुलं विचारतात, का? मग मी त्यांना हौदाजवळ नेते. आत बुडालेल्या जुन्या जहाजाच्या फळ्या ठेवलेल्या असतात. शेकडो वर्षं समुद्राच्या तळाशी राहिलेलं लाकूड आतून पोखरलेलं असतं. त्याचा आकार टिकलेला असतो तो फक्त आत भरलेल्या पाण्यामुळे. "हे लाकूड नाही," मी सांगते, "लाकडाच्या आकाराचं पाणी आहे असं समजा. पाणी गेलं की फळी आक्रसते, तडकते. मग कितीही भिजवा, परत येत नाही." बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे एकदा सांगितलं की पुरतं. पुढचे पंधरा दिवस ती एकमेकांवरच पहारा करतात. "ए, नऊ मिनिटं झाली! फडकं घाल, फडकं!"

मी चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. आता निवृत्तीनंतर मुलांच्या सुट्टीत इथे, जुन्या जहाजांच्या या केंद्रात, शिकवायला येते. सकाळी मुलं माझ्याकडे असतात. ओल्या फळीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद पसरायचा आणि खाली दिसेल ते जसंच्या तसं, त्याच मापात गिरवायचं. काळ्या पेनानं कडा, लाल पेनानं भोकं, निळ्यानं हत्यारांच्या खुणा, हिरव्यानं मोडतोड. दहा मिनिटं झाली की फळी हौदात, थोड्या वेळानं पुन्हा बाहेर. एका फळीला दोन दिवस लागतात.

दुपारी मुलं अंगणात मिस्त्रींकडे जातात. तिथे बारा हात लांबीची एक होडी उभी राहते आहे, खिळा न वापरता. दोन फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची आणि काथ्याच्या दोरीनं त्या एकमेकींना शिवायच्या. बुडालेलं जहाजही असंच शिवलेलं होतं. मिस्त्री हे काम आयुष्यभर करत आले. बोटांच्या पेरांत डांबर इतकं मुरलंय की चहाचा कप धरला तरी कपावर ठसे उठतात.

यंदा वर्गात एक मुलगी होती, तिला मिस्त्रींनी 'शंका' असं नाव ठेवलं. कारण ती हात वर केल्याशिवाय श्वासही घेत नसे. चौदा नंबरची फळी तिच्या वाट्याला आली. शेवटचं भोक गिरवून झालं आणि हात वर.

"बाई, भोकं बदलली."

"बदलली म्हणजे?"

"एकतीसपर्यंत दोन भोकांत सात सेंटिमीटर आहेत. बत्तिसाव्यापासून पुढे साडेपाच. शेवटपर्यंत."

"कागद सरकला असेल. पुन्हा मोज."

तिनं पुन्हा मोजलं. साडेपाच. मी तिसऱ्यांदा मोजायला लावलं. त्या वेळी तिच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण तिनं मोजलं. साडेपाच. मग मी चष्मा लावून स्वतः मोजलं. पोरगी बरोबर होती.

"का बदलली असतील?" तिनं विचारलं.

"ठाऊक नाही," मी म्हणाले. मुलांना हे उत्तर द्यायला मी कधी लाजले नाही. "आपलं काम दिसेल ते काढायचं."

उत्तर तिला त्याच दुपारी मिळालं. मिस्त्री होडीवर भोकांचं माप टेपनं घेऊ देत नाहीत. शिवणाऱ्यानं आपली चार बोटं फळीवर टेकवायची आणि त्यांच्यापलीकडे पुढचं भोक. "दोरी ओढणार तुझा हात," ते सांगतात, "मग माप तुझ्याच हाताचं पाहिजे. माझ्या मापाच्या भोकात तुझा टाका सैल बसेल आणि मासे आत येऊन तुला नमस्कार करतील." त्यामुळे होडीची मिस्त्रींनी शिवलेली बाजू एका मापाची आणि मुलांची दुसऱ्या.

शंका हातातली दोरी सोडून उभी राहिली. धावत जाऊन मोजपट्टी घेऊन आली. मिस्त्रींच्या टाक्यांवर ठेवली, मग स्वतःच्या.

"आजोबा, तुमचं सात. माझं साडेपाच."

"मग? तुझ्या हाताला माझी बोटं लावू?"

"तसं नाही! चौदा नंबरवर बत्तिसाव्या भोकापासून हात बदलला. मोठ्या माणसानं सुरुवात केली आणि लहान हातानं पुढे शिवलं. माझ्याएवढ्या."

डांबराचा हात पायजम्याला पुसून मिस्त्री माझ्या टेबलाशी आले आणि शंकाच्या कागदावरची लाल भोकं बोटानं एकेक करत शेवटपर्यंत मोजली. अठ्ठावन्न. "एखादी मुलगी असेल," ते म्हणाले. "नाहीतर बायको. कोणी का असेना, टाका नीट घातलाय." आणि माझ्याकडे बघून, "बाई, आमच्या कामाबद्दल लोक नेहमी आम्हाला विचारायला येतात. कोणी आम्हालाच काही सांगितलं, ते आज पहिल्यांदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी संचालक आले. त्यांच्या शर्टाची घडी कधी मोडत नाही, म्हणून मुलं त्यांना पाठीमागे 'इस्त्री' म्हणतात. परवा बडे पाहुणे येणार होते, प्रदर्शन लागणार होतं. त्यांच्या हातात आमच्या केंद्राची छापील पुस्तिका होती. चौदा नंबरच्या फळीचं चित्र त्यात होतं आणि अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न भोकं एका मापाची, शिपायांच्या रांगेसारखी.

"हे कुणी काढलं?" त्यांनी शंकाचा कागद उचलला.

"मी," शंका म्हणाली. हात वर करूनच.

"चुकलंय. पुस्तिका बघ. पाहुण्यांसमोर दोन वेगळी चित्रं लावायची का? लोक हसतील." मग माझ्याकडे वळून, "बाई, पोरांचं काम आहे, समजू शकतो. सुधारून घ्या. नाहीतर तिचं प्रमाणपत्र थांबवावं लागेल, अचूकतेचा प्रश्न आहे." आणि त्यांनी टेबलावर स्पिरिटची बाटली आणि कापूस ठेवला. प्लॅस्टिकवरचं पेन फक्त स्पिरिटनंच पुसलं जातं.

"फळी काढून मोजू या," मी म्हणाले.

"फळी सकाळीच दालनात नेली. मांडणी चालू आहे."

"आणि पाण्याचं काय?"

"ओलं फडकं घालतायत हो! आम्हालाही कळतं."

शंका माझ्याकडे बघत होती. सगळा वर्ग बघत होता. मी काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. तीन वेळा मोजून घेतलं होतं मी, चौथ्यांदा स्वतः. पण मी म्हणाले, "बघू." चौतीस वर्षं मुलांना 'दिसेल ते काढा' सांगणारी मी, म्हणाले काय, तर 'बघू'! हा शब्द आठवला की अजून माझे कान तापतात.

दुसऱ्या दिवशी शंका आली नाही.

दुपारी मी तिच्या घरी गेले. ती आत्याजवळ राहते. पुढे आत्याचं शिवणाचं दुकान, मागे एक खोली. शंका शिलाई मशीनच्या मागे बसून कपड्यांना बटणं लावत होती. मला बघून उठली नाही.

"बसा बाई," आत्या म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या त्या काढून तिनं उशीत खोचल्या. "कालपासून हिचं एकच, मला मोजता येत नाही. अहो, माझ्या दुकानातली मापं ही घेते! काय झालं ते तरी सांगा."

मी सांगितलं. आत्या ऐकता ऐकता मांडीवरचा झगा उलटा करून माझ्यासमोर धरून म्हणाली, "हे बघा. इथवर माझी शिवण, इथून हिची. कुणी सांगायला लागतं का? दोन हात आहेत, ते दिसतातच. तुमच्या त्या साहेबांनी सुई कधी हातात धरली आहे का?"

"नसावी."

"मग त्यांचं ऐकून तुम्ही गप्प कशा बसलात?"

मी शंकाकडे वळले. "माझं चुकलं. तू बरोबर मोजलंस आणि ते मला माहीत होतं. उद्या सकाळी पाहुणे यायच्या आत आपण फळी मोजू, त्यांच्यासमोर. येशील?"

तिनं बटणाचा दोरा दातानं तोडला. "तुम्ही 'बघू' नाही ना म्हणणार?"

"नाही."

सकाळी आठलाच आम्ही चौघं दालनाच्या दाराशी होतो. शंका, आत्या, मिस्त्री आणि मी. शंकाच्या हातात तिच्या कागदाची गुंडाळी होती. शिपायानं कुलूप उघडलं. आत निळं मखमली कापड, त्यावर चौदा नंबरची फळी आणि तिच्यावर चार मोठे दिवे. हात जवळ नेला तर चटका बसावा इतके जवळ. ओलं फडकं कोपऱ्यात पडलं होतं, कडकडीत वाळलेलं.

"साहेब म्हणाले मखमलीवर डाग पडतात," शिपाई म्हणाला. "म्हणून परवाच काढलं."

म्हणजे दोन रात्री आणि एक अख्खा दिवस.

फळीचा रंग राखेसारखा झाला होता. मध्यभागी लांब तडा होता, आणि भोकांची कड जिथे होती तिथून लाकूड सुटून मखमलीवर तुकड्यांनी पडलं होतं. बत्तिसावं भोक कुठलं, तेहतिसावं कुठलं, आता कोणालाही सांगता आलं नसतं. शंकानं मोजपट्टी काढली, तुकड्यांजवळ नेली आणि तशीच परत खिशात ठेवली.

मिस्त्री पुढे झाले आणि त्यांनी सगळ्यात आधी दिव्यांची बटणं बंद केली. "एवढी वर्षं समुद्रानं सांभाळली," ते म्हणाले, "आणि तुम्हाला दोन दिवस सांभाळता आली नाही!"

हे संचालकांनी दारातूनच ऐकलं. ते आत आले, फळी बघितली, आणि त्यांच्या चेहऱ्याचीच घडी मोडली. पण क्षणभरच. "नैसर्गिक झीज आहे," ते म्हणाले. "जुनं लाकूड शेवटी."

"साहेब," मी म्हणाले, आणि माझा आवाज इतका चढला की वर्गात कधी चढला नसेल, "इथली बारा वर्षांची मुलं अकरावं मिनिट होऊ देत नाहीत! पहिल्या दिवशी शिकवते मी त्यांना. तुम्हालाही त्या बाकावर बसवायला हवं होतं."

आत्यानं विचारलं, "आणि त्या पुस्तिकेतलं चित्र? ते कुणी मोजलं होतं?"

संचालकांनी शर्टाची बाही सारखी केली. शिपायालाच राहवलं नाही. "पहिली दहा भोकं मोजली होती, बाई. मीच फडकं धरून उभा होतो. बाकीची तशीच असणार म्हणून कॉम्प्युटरवर चिकटवली."

असं कुणी करतं का? करतात. अठ्ठावन्न भोकांतली अठ्ठेचाळीस न बघता छापतात, आणि जिनं सगळी बघितली तिला म्हणतात, चुकलीस!

बाहेर गाड्या आल्याचा आवाज आला. संचालकांची नजर शंकाच्या हातातल्या गुंडाळीवर गेली, आणि मला त्यांचं गणित दिसलं. फळी गेली. पुस्तिका खोटी. आता चौदा नंबरची फळी जगात एकाच ठिकाणी शिल्लक होती, या मुलीच्या प्लॅस्टिकच्या कागदावर.

"बाळ, दे बघू तो," ते अगदी गोड आवाजात म्हणाले. "छान काम केलंयस. केंद्रातर्फे लावू. खाली केंद्राचं नाव घालू."

शंकानं माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पिशवीतून काळं पेन काढून तिला दिलं.

ती जमिनीवर गुडघे टेकून बसली, कागद पसरला. उजव्या कोपऱ्यात नाव लिहायची जागा असते, तिथे तिनं सावकाश पूर्ण नाव लिहिलं, शाळेत लिहितात तसं. खाली तारीख. मग शेरा लिहायची ओळ असते, जी मुलं नेहमी कोरी सोडतात. तिथे तिनं लिहिलं: *बत्तिसाव्या भोकापासून लहान हात. मी मोजलं तेव्हा फळी ओली होती.*

संचालकांनी वाकून वाचलं. "नाव राहू दे," ते घाईनं म्हणाले. "ती शेवटची ओळ तेवढी पुसून टाक. बाई, परवा मी स्पिरिट दिलं होतं ना? कुठे आहे?"

मी काही बोलणार एवढ्यात मिस्त्रींनी दोन्ही हात पुढे केले. इतक्या वर्षांत मी त्यांचे तळवे पहिल्यांदाच स्वच्छ बघत होते.

"संपलं, साहेब," ते म्हणाले. "पाहुणे येणार म्हणून हात धुतले."

आणि त्यांनी कागदाचं एक टोक धरलं, दुसरं आत्यानं, आणि फळीच्या वरच्या भिंतीवर तो नीट ताणून लावला.