दिवे लागल्यावरची काच

थोरलीच्या मनात एकदा अढी बसली की ती ब्रह्मदेवाच्या बापालाही सुटायची नाही. आईने कुणाकडे राहायचं यावरून दोघी बहिणींचं वाजलं, धाकटीने आईलाही नाही नाही ते ऐकवलं आणि बोलणं टाकलं. आई थोरलीकडेच राहिली.

पुढे आईने अंथरूण धरलं आणि धाकटीचा धोशा लावला. डॉक्टरांनी मान हलवली, तशी थोरली सगळा ताठा गिळून संध्याकाळी दिवे लागल्यावर धाकटीच्या शिवणाच्या दुकानापाशी गेली.

धाकटी काचेच्या आतच उभी होती. गळ्यात टेप, अंगात कुणाचा तरी अर्धवट शिवलेला कोट. थोरलीने हात वर केला. धाकटीने थेट तिच्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, तोंड वाकडं केलं आणि पडदा ओढून घेतला.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार ढकलायचा अवकाश होता, पण आता कसली जातेय! तुला असं रडवते की जन्मभर आठवशील, असं मनाशी घोकतच ती घरी आली.

"येतेय ना गं ती?" आईने विचारलं.

"तिला वेळ नाही."

आई रोज विचारायची, थोरली रोज तेच सांगायची. आई भिंतीकडे तोंड करून पडायची. थोरलीला वाईट वाटायचं, नाही असं नाही, पण राग त्याहून मोठा होता. धाकटीला तिने आजारपणाचा सुगावा लागू दिला नाही. आई गेल्यावर मात्र लगेच फोन केला.

धाकटी धावत आली आणि आईच्या पायाशी कोसळली. "ताई, माझी आठवण काढली का गं तिने?"

"नाही. एकदाही नाही."

धाकटीने मान खाली घातली. खोटं कशाला सांगायचं, थोरलीचा जीव चांगलाच थंडावला.

तेवढ्याने तिचं भागलं नाही. तो पडलेला चेहरा पुन्हा बघायला मिळावा म्हणून आईची शाल द्यायच्या निमित्ताने ती दुकानात गेली. दिवे लागले होते. धाकटी काचेकडे तोंड करून अंगातला झगा न्याहाळत होती. तिने तोंड वाकडं केलं.

"खांदा ओढतोय मेला," ती म्हणाली.

थोरलीने काचेत पाहिलं. रस्ता कुठेच नव्हता. दोघी बहिणी, मशीन आणि दिवा, एवढंच.

"आरसा नाही तुझ्याकडे?"

"मोठा कधी घेतलाच नाही. दिवे लागले की हिच्यावरच भागतं. बाहेरचं काही दिसत नाही, तेवढंच." धाकटीने टाचणी काढली. "ताई, आईचं बरोबरच होतं. मी इतकं बोलले तिला, माझं नाव तरी का घ्यावं तिने?"

थोरलीला गप्प राहता आलं असतं. पण जीभ राहिली नाही.

"रोज घ्यायची. मी तुला बोलवायला आले होते. इथे, बाहेर उभी होते. मला वाटलं, तू मला बघून तोंड फिरवलंस."

धाकटीने वळून काचेकडे पाहिलं. मग तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"दार उघडंच होतं ना, ताई?"

धाकटीने थोरलीच्या हातातली शाल काढून घेतली, दार उघडलं आणि ती बाहेर पडेपर्यंत धरून उभी राहिली.